धुऱ्यावरचं गवत

आता माणूस हरवला की घटकाभरात त्याचा फोटो जिल्हाभर फिरतो. माझ्या उमेदीच्या काळात बहुतेकांचा फोटोच नसायचा. असला तर लग्नातला, आणि त्यात नवऱ्याच्या तोंडावर मुंडावळ्या. हरवलेला माणूस शोधायचा तो पायांनी, आणि हाका मारून. त्या हाका अजून कधीमधी कानात येतात. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस फार आवडायचे. माणूस हरवणं काही चांगलं नव्हे, पण तो शोधायला सारा गाव ज्या तऱ्हेनं घराबाहेर पडायचा, ते पाहून ऊर भरून यायचा.

मी बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, मोताळ्याच्या बाजूच्या एका गावात पटवारी होतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता. कागदावर आम्हाला तलाठी म्हणायला लागले होते, पण गावाच्या तोंडी पटवारीच. वडील बुलढाण्याला कचेरीत कारकून. मी शहरातल्या गल्लीत वाढलेला, शेताचा आणि माझा संबंध भाकरीपुरता. जवारीचं ताट कोणतं आणि बाजरीचं कोणतं हे मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर मी पीकपाणी लिहायचो ते कोतवालाला विचारून, आणि तो बेटा मुद्दाम मला चुकीचं सांगायचा.

पण माझ्याकडे नकाशा होता. कापडावर चिकटवलेला, गुंडाळून टिनाच्या नळीत ठेवायचा गावनकाशा. गावातलं प्रत्येक शेत त्यात नंबरानिशी बसवलेलं. मी तो नकाशा पाठ केला होता. लोक म्हणायचे, 'नाल्याकडलं वावर', 'चिंचेजवळचं वावर', आणि मी ताडकन् नंबर सांगायचो. तेवीस-चोवीस वर्षांचं वय, अंगात खुमखुमी. लोक तोंडावर वा वा करायचे आणि पाठ फिरली की हसायचे, हेही मला पुढे कळलं.

पोलीस पाटील वयस्कर आणि दम्यानं बेजार. त्यामुळे कुणी हरवलं की शोधाचं काम माझ्या गळ्यात यायचं. मी ते आनंदानं घेत असे. पहिल्या वर्षी एक नवी सून सकाळपासून दिसेना म्हणून आम्ही रोहिणखेडच्या रस्त्यानं दोन कोस हाका मारत गेलो, आणि ती घरातच माळ्यावर, कडब्याच्या पेंढ्यांमागे निवांत झोपलेली सापडली. सासूच्या तोंडाला कंटाळून तिनं ती जागा शोधली होती. दुसऱ्यांदा शाळेचे मास्तर हरवले. ते शेजारच्या गावात पत्ते खेळत बसले होते आणि आम्हाला पाहून, 'काऊन बुवा, एवढे लोक कुठी चालले?' असं आम्हालाच विचारते झाले.

शोधाची एक रीत ठरलेली होती. आधी विहिरी. माणूस हरवला की प्रत्येकाच्या पोटात पहिली भीती विहिरीची. न्हावी आपल्या पेटीतला आरसा आणायचा, काठावर उभा राहून उन्हाचा कवडसा आत सोडायचा. तो कवडसा पाण्यावरून हळूहळू फिरायचा, कपारीत जायचा, आणि काठावरची सगळी माणसं श्वास धरून उभी. कवडसा फिरून परत आला आणि काही दिसलं नाही, की सगळे एकदम बोलायला लागायचे. मग सायकलवाले पाहुण्यांच्या गावांना सुटायचे, लेकीकडे, मेहुण्याकडे. कोतवाल दवंडी द्यायचा. घराघरातून भाकरी आणि ठेचा गोळा होऊन मारुतीच्या पारावर यायचा. कुणाच्या घरची भाकर कोणती, हे त्या ढिगात कुणी पाहत नसे. तिथं बसून खाल्लेल्या भाकरीसारखी भाकर मी पुन्हा खाल्ली नाही.

हे सगळं सांगतोय ते एका माणसासाठी.

गावात एक म्हातारा होता. सगळे त्याला आबाजी म्हणायचे. उंच, वाळलेला, डोक्याला भगव्याकडे झुकलेलं जुनं मुंडासं, खांद्याला पाण्याचा तुंबा. पिकलेला भोपळा कोरून केलेला हा तुंबा त्याच्या बापाचा होता म्हणे. मला पिकं त्यानं शिकवली. माझ्या एका खोलीच्या कचेरीत येऊन दाराशी बसायचा आणि एक दिवस म्हणाला, "पटवारी साहेब, तुमी लिहिता लय छान. पन मुंगाच्या वावरात उडीद लिहून ठेवला तुमी." माझा चेहरा पडला. त्यावर तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी मला वावरात घेऊन गेला, आणि पुढे कितीतरी दिवस नेत राहिला. अंबाडीचं पान माझ्या तोंडात घालून म्हणायचा, "आंबट लागलं? आता नाई इसरनार." तुरीची फुलं, तिळाची बोंडं, पऱ्हाटीवर म्हणजे कपाशीवर पडलेला रोग, सगळं त्यानं मला हाताला धरून दाखवलं. सख्ख्या बापानं मला अक्षर शिकवलं आणि या माणसानं शेत. मला त्याचा फार लळा लागला होता, आणि त्यालाही माझा असावा.

आबाजीला दोन मुलगे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलांचं पटेना म्हणून वाटणी झाली. मोजणीदार आला, साखळी पडली, आणि शेताचे दोन भाग झाले. मधे आधीपासूनच एक जुना धुरा होता. आमच्याकडे दोन वावरांमधल्या पडीक पट्टीला धुरा म्हणतात. हा चांगला आठ हात रुंद, मधोमध एक हिवराचं झाड, आणि गवत असं की गुरं दृष्टी लावून बसावीत. मी नकाशावर दोन भागांच्या मधून पेन्सिलीनं रेघ ओढली. आबाजी अंगठा द्यायला आला तेव्हा बाकी काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "साहेब, धुरा कोनाकडे गेला?"

मी हसलो. म्हणालो, "आबाजी, धुरा कुठं जातोय? ती नुसती रेघ आहे."

त्या रेघेवरून पुढच्याच पावसाळ्यात दोन्ही भाऊ विळे घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले. गवत कापलं म्हणजे धुऱ्यावर कब्जा केला, असा दोघांचा हिशेब. मोठा म्हणे धुरा माझ्या हिश्शात, धाकटा म्हणे माझ्या. मलकापूरला दावा पडला. मारामारी होऊ नये म्हणून मी दोघांना कचेरीत बोलावलं, उगीच दौत-टाक समोर ओढला आणि आवाज चढवून सांगितलं, "निकाल लागेपर्यंत त्या धुऱ्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. गवताची काडी हलवायची नाही. जो पाय ठेवील त्याच्याविरुद्ध मी लिहून पाठवीन." असं सांगायचा मला काडीचा अधिकार नव्हता. पण त्यांना ते कुठं माहीत? दोघे घाबरले. भांडण थांबलं. पोलीस पाटलांनी माझी पाठ थोपटली आणि मीही चार दिवस छाती काढून हिंडलो.

आबाजीच्या जेवणाचीही वाटणी झाली होती. एक महिना मोठ्याकडे, एक महिना धाकट्याकडे. पुनवेला पाळी बदलायची. त्या दिवशी तो एका घरी सकाळची भाकर खायचा, कपड्यांचं गाठोडं उचलायचा, दिवसभर वावरात काढायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या घरी जायचा.

पुढच्या वर्षी आश्विनातल्या पुनवेला तो असाच मोठ्याच्या घरून निघाला, आणि धाकट्याच्या घरी पोचलाच नाही. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मोठ्याला वाटलं, गेला असेल धाकट्याकडे. धाकट्याला वाटलं, मोठ्याकडे पाहुणे आलेत, राहिला असेल एक दिवस. दोन घरांत बोलणं बंद, मग विचारणार कोण? दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी जावा विहिरीवर एकाच वेळी आल्या. एकमेकींशी बोलायच्या नाहीत, पण तिसरीला ऐकवून बोलायची सोय होती. थोरली तिसरीला म्हणाली, "आता महिनाभर सुटली बाई मी." तिसरीच्याच तोंडाकडे पाहत धाकटी म्हणाली, "सुटली कशी? बुढा तं अजून आलाच नाई आमच्याकडे." थोरलीची घागर हातातून सुटली. त्या दोघी कितीतरी वर्षांनी एकमेकींशी थेट बोलल्या, त्या त्याच क्षणी.

माझ्याकडे निरोप आला तेव्हा दुपार कलली होती. म्हातारा पंच्याहत्तरीचा, त्यात एक दिवस आणि एक रात्र उलटून गेलेली. दिवसा आश्विनातलं ऊन आणि पहाटे दव. जवळ असलंच तर तुंब्यातलं पाणी.

उजेड होता तोवर आम्ही विहिरी पाहिल्या. न्हाव्याच्या आरशातला कवडसा अकरा विहिरींत उतरला आणि अकरा वेळा रिकामा वर आला. दोन सायकली लेकीच्या गावाला गेल्या आणि हात हलवत परतल्या. दोघे मुलगे वावराकडे धावले. हाका मारून मारून त्यांचे घसे बसले. अंधार पडल्यावर जवारीत शिरण्यात अर्थ नव्हता. तेव्हाची गावरान जवारी, माणूस बुडून वर हातभर उरेल इतकी उंच.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी मी पारावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुबक योजना आखली. ज्याचं शेत, त्यानं ते शोधायचं. आपलं वावर माणसाला आपल्या घरासारखं ठाऊक असतं, कुठं खड्डा, कुठं झुडूप. प्रत्येक खातेदारानं आपला नंबर पुरता धुंडाळायचा, माझ्याकडे यायचं आणि सांगायचं, मग मी त्या नंबरावर टिंब द्यायचं. गायरान, नाला आणि स्मशान कोतवालाकडे. एकही जागा दोनदा पाहिली जाणार नाही, एकही सुटणार नाही. पोलीस पाटलांनी नकाशाकडे पाहून मान डोलवली. इतक्या काळजीतही मला ती मान डोललेली बरी वाटली, हे लिहिताना आज लाज वाटते.

लोक गेले. सूर्य वर आला तसे एकेक परतू लागले. "पाह्यलं साहेब, नाई आमच्याकडे." टिंब. "पुरं पाह्यलं, जवारीच्या तासा-तासानं पाह्यलं." टिंब. मोठा मुलगा आला, कपडे कुसळांनी भरलेले, डोळे लाल. "माह्या हिश्शात नाई." टिंब. धाकटा आला. त्यानं नुसती मान हलवली. टिंब. भर दुपारी नकाशावर टिंब नसलेलं एकही शेत उरलं नाही आणि आबाजी सापडला नव्हता.

मी नकाशाकडे पाहत बसलो. तो सगळा बरोबर होता. कुणीतरी म्हणालं, गाडीरस्त्यानं बाहेर गेला असेल. कुणी म्हणालं, मोताळ्याच्या बाजारातून मोटारीत बसला असेल. मनातलं कुणी बोलत नव्हतं. मला रडू येत होतं आणि पटवारी चारचौघांत रडत नाही म्हणून मी उगीच कोतवालावर खेकसलो.

तेव्हा निंदणाऱ्या, म्हणजे पिकातलं तण काढणाऱ्या, बायांच्या टोळीची म्होरकी पुढे आली. गाव तिला मावशी म्हणायचं. दात मिश्रीनं काळे, आवाज पुरुषी. तिच्या टोळीत वीसेक बाया, सगळ्या जणी सकाळपासून आपलं काम सोडून पाराशी बसून होत्या. बायांना काय सांगायचं म्हणून मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "साहेब, मानसं कशी शोधतात पाह्यलं का तुमी? वावराच्या काठाले उभी राह्यतात, कपायाले हात लावतात अन् हाका मारतात. असं निंदलं तं मालक पोटाले देईन का आमाले?"

"मग काय करायचं मावशी?"

"आमाले पात धरू द्या. नाल्यापासून धरतो, रस्त्यालोक जातो. मधात वावर कोनाचंई असो, पात मोडाची नाई."

पात म्हणजे निंदताना प्रत्येक बाई धरते ती तासांची, म्हणजे पिकाच्या ओळींची, पट्टी. बाया ओळीनं एकमेकींच्या शेजारी उभ्या राहतात, प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन तास, आणि सगळी ओळ एका चालीनं पुढं सरकते. कुणी पुढं पळत नाही, कुणी मागं राहत नाही. शेजारणीची पात जिथं संपते तिथं आपली सुरू होते, मधे बोटभर जागा सुटत नाही. रोज डोळ्यांसमोर चाललेलं काम, पण माणूस शोधायला ते वापरावं हे माझ्या नकाशावाल्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

बायांनी नाल्याकाठी ओळ धरली. पदर खोचले. मावशी मधे. मी तिच्या मागे. जवारीत शिरल्यावर शेजारची बाई दिसेना, नुसती ताटं हलताना दिसायची आणि आवाज यायचे, "हाय का गं?" "हाव, हाय." "सरक." हाका मारायच्या नाहीत, असं मावशीनं बजावलं होतं. हाक मारली की माणूस पाहायचं सोडून ऐकत बसतो, असं तिचं म्हणणं. तीन शेतं झाली, चौथं झालं. मधले धुरे, काट्याकुपाट्या, सगळ्यातून ओळ तशीच पार झाली. मग आबाजीच्या मोठ्या मुलाचं वावर आलं. तेही संपलं. जवारीतून बाहेर पडलो तर समोर छातीइतकं गवत उभं होतं. सव्वा वर्षात त्यात विळा पडला नव्हता.

बाया पुढं सरकणार तोच मोठा मुलगा धावत आला. "मावशे, थांब! धुऱ्यावर पाय नोको ठेवू. साहेबायनं मना केलं हाय."

पलीकडून धाकटाही आला होता. तो आपल्या वावराच्या काठावर उभा, हा आपल्या. मधे आठ हात गवत. दोघांच्या डोळ्यांत पाणी आणि दोघांचे पाय आपापल्या हद्दीत.

वीस बाया वळून माझ्याकडे पाहू लागल्या. मला तो क्षण अजून जसाच्या तसा आठवतो. हातात नकाशाची नळी होती. त्या नकाशात ही जागा पेन्सिलीच्या टोकाएवढी होती. तिला नंबर नव्हता, म्हणून ती कुणाच्या वाट्याला आली नव्हती. मोठ्यानं आपला नंबर पाहिला होता, धाकट्यानं आपला. दोघांनीही खरं तेच सांगितलं होतं, आणि मी टिंबं दिली होती.

मी नळी तिथंच टाकली आणि गवतात घुसलो.

बाया दोन्ही अंगांनी आत आल्या. हिवराच्या झाडापाशी आधी मुंडासं दिसलं. मग गाठोडं, मग आडवा पडलेला तुंबा. आणि मग आबाजी. उजवा पाय कोल्ह्याच्या बिळात जाऊन घोट्याच्या वर मोडलेला, पाय सुजून काळानिळा. ओठ फुटलेले. पण डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे पाहत होते.

मावशी ओरडली, "जिता हाय! बुढा जिता हाय!" मी मटकन खाली बसलो आणि चारचौघांत मोठ्यानं रडलो.

पुढं सगळी धावपळ. कुणी पदर ओला करून त्याच्या ओठांवर पिळला, कुणी बाज आणली. दोघे मुलगे आता धुऱ्यावर आले होते, एकानं डोक्याकडून धरलं, दुसऱ्यानं पायांकडून. दमनी, म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, जुंपली. म्हाताऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर. मोठा बैल हाकत होता, धाकटा मागून चाकाला हात लावून चालत होता. ऊन उतरलं होतं. रस्ता खडकाळ, दमनीचा खडखडाट असा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये.

त्या खडखडाटात आबाजीचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. त्याची मी मनातल्या मनात माफी मागत होतो, की आम्ही हाका मारल्या पण तुझ्यापर्यंत पोचल्या नाहीत. म्हणून मी विचारलं, "आबाजी, आवाज नाही का आला आमचा?"

"आला ना बापा."

मला कळेना. "मग ओ का नाही दिली?"

तो थांबत थांबत बोलला. "मोठा इकून बोलावून राह्यला होता. लहाना तिकून. कोनाले ओ देऊ? एकाले देली तं दुसरा म्हनन, बुढा त्याच्याकडचा झाला, धुराबी त्याचा." मग त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, ग्लानी आली. पण तो पुन्हा बोलला. "मले वाटलं, दोघातून एक तरी धुऱ्यावर पाय टाकीन."

मी त्याच्या कपाळावरची कुसळं काढत राहिलो.

"पोराईले सांगू नोका," तो म्हणाला.

मी सांगितलं नाही. मुलं धरून चालली की म्हातारा बेशुद्ध होता, आणि मी ते तसंच राहू दिलं.

पाय नीट बसला नाही, पण आबाजी काठी घेऊन चालू लागला आणि पुढं तीन वर्षं जगला. भाऊ काही एकदम गळ्यात गळे घालून हिंडले नाहीत, तसलं होत नसतं. पण त्या दिवाळीला दोघांनी मिळून धुऱ्यावरचं गवत कापलं आणि अर्धं अर्धं नेलं. पुढं दावाही निकाली निघाला. पाळीच्या दिवशी धाकटा स्वतः थोरल्याच्या दारात जायचा, बापाचं गाठोडं आपल्या खांद्यावर घ्यायचा आणि त्याला चालवत घरी न्यायचा. हे मी कचेरीच्या दारातून पाहायचो. आबाजी जाता जाता मला हात करायचा.

माझी पुढं बदली झाली. साखरखेर्ड्याकडे होतो, आणखीही कुठं कुठं होतो. जिथं जिथं माणूस हरवला तिथं मी लोकांना आधी सांगायचो, धुरे पाहा, मग वावरं. आणि ओळ धरायला निंदणाऱ्या बायांना बोलवा. तरुण पोरं हसायची. एका गावात तर माझं नाव 'धुरेवाले साहेब' पडलं होतं. पडो बिचारं. दोन माणसं तशी जिवंत सापडली, एक पोर आणि एक वेडसर बाई. सापडलं की दरवेळी मला मावशी आठवायची, तिचे काळे दात, आणि पारावरच्या त्या भाकरी. ती माणसं, ती एका चालीनं चालणारी ओळ, जवारीतून येणारं ते "हाय का गं?", हे सगळं कुठं गेलं कोण जाणे. जवारीसुद्धा आता कमरेएवढीच येते.

निवृत्त झाल्यावर एकदा मोताळ्याच्या बाजारात गेलो होतो. मोटारीच्या थांब्यापाशी एका म्हाताऱ्यानं मला हटकलं. उंच, वाळलेला. क्षणभर वाटलं, आबाजीच समोर उभा. तो मोठा मुलगा होता. त्यानं मला ओढून नेऊन चहा पाजला. धाकटा बरा आहे, पोरांची लग्नं झाली, मावशी मागेच गेली, असं सगळं सांगितलं. धुरा म्हणे आता नाहीच, दोघांच्या पोरांनी मिळून नांगरून टाकला. हिवराचं झाड तेवढं ठेवलं.

मग कपातला चहा बशीत ओतता ओतता तो म्हणाला, "साहेब, एक इचारू? त्या टायमाले बाबाले आमचा आवाज आला असन का हो?"

इतकी वर्षं त्यानं हा प्रश्न जवळ ठेवला होता. म्हाताऱ्याचं 'सांगू नोका' मला आठवलं आणि मी म्हणालो, "नाही. शुद्ध नव्हती त्यांना."

त्यानं बशी खाली ठेवली. मग सावकाश म्हणाला, "मले तं वाटलं होतं तवाच, की बाबा अथीच असन. हिवराखाली बसाची सवय होती ना त्याची. गवतात काईतरी हाललंबी. म्या पाय उचलला होता, साहेब, धुऱ्यावर टाकाले. मंग तुमी सांगतलेलं आठवलं, अन् मांगं घेतला."

त्याच्या आवाजात दोष नव्हता. उलट मला वाईट वाटू नये म्हणून त्यानं घाईनं पुढं जोडलं, "तुमी बरोबरच सांगतलं होतं म्हना. नाईतर डोस्की फुटली असती आमची."

मोटार आली. त्यानं मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत, पिशवी उचलली आणि काठी टेकत गर्दीत शिरला. खिडकीशी जागा मिळाल्यावर त्यानं हात केला, अगदी बापासारखा. मीही केला. मोटार घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथंच उभा होतो. तो उचललेला पाय आजही माझ्या डोळ्यांसमोर तसाच अधांतरी आहे.